रत्नमालानं न घेतलेलं नाव

मी सांगलीत डच शिकवायचो. हसा, हसून घ्या, सगळेच हसतात. ज्या गावात हळद, गूळ आणि बेदाण्यापलीकडं कुणी बोलत नाही, तिथं एक माणूस पोरांना घशातून खाकरायला शिकवतो म्हणजे हसण्यासारखंच आहे. पण कॉलेजलाही दुसरा इलाज नव्हता. व्यवसाय व्यवस्थापनाच्या कोर्सला विद्यापीठानं एक परदेशी भाषा सक्तीची केली होती. जर्मनवाला मिळेना, फ्रेंचवाली बाई पुण्याहून यायचं भाडं मागायची. आणि मी रॉटरडॅमच्या गोदीत नऊ वर्षं फिटर म्हणून हाडं झिजवून परत आलेला, विश्रामबागेत रिकामा बसलेला. नाव बाळासो, पण पोरं माघारी डचमास्तर म्हणायची. शिकवण्याचं शिक्षण शून्य, आवाज गोदीतला आणि राग नाकाच्या शेंड्यावर.

हे माझं पुराण नाही, रत्नमालाचं आहे. पण मी त्या पोरीला किती छळलं ते आधी कबूल केल्याशिवाय तिचं काही सांगता यायचं नाही.

एकोणीसशे नव्याण्णवचा फेब्रुवारी. वर्गात अकरा जण. रत्नमाला शेवटच्या बाकावर, भिंतीला पाठ लावून बसायची. माहेर कुंडलचं, सासर औंधचं. लग्नाला दीड वर्ष झालेलं, नवरा फौजेत. सासरे सयाजीराव स्वतः सुभेदार होऊन घरी आलेले. त्यांनी सुनेला कोर्स पुरा करायची परवानगी दिली, पण बजावून. "यंदा सुटलीस तर सुटलीस, न्हाईतर म्होरं न्हाई," असं ते म्हणाले होते. म्हणून ती माहेरी राहून रोज एसटीनं सांगलीला यायची. कॉलेजच्या कागदांवर अजून बापाचंच नाव होतं. लग्नानंतर बदलायला कुणाला सवड झाली नव्हती.

पोरगी हुशार हो! डच माणूस पंचवीस म्हणताना आधी पाच म्हणतो, मग वीस. इंग्रजीवर पोसलेली शहरातली पोरं तिथं धडाधड आपटली. ही मागून हळूच म्हणाली, "सर, ह्यात अवघड काय हाय? आपलं पंचवीस बी तसंच की." मी गार. नऊ वर्षं गोदीत आकडे ओरडलो, पण माझ्या टाळक्यात हे कधी आलं नव्हतं. त्या दिवशी मी घरी जाऊन सांगितलं, की एक पोरगी माझं नाव काढणार.

तिसऱ्या आठवड्यात कुटुंबाचा धडा आला. उभं राहायचं आणि सांगायचं, माझ्या आईचं नाव अमुक, बापाचं अमुक, भावाचं अमुक. सगळ्या भाषांच्या पुस्तकात हा धडा असतो आणि सगळ्यात सोपा असतो. लग्न झालेली एकटी रत्नमालाच. तिनं आई सांगितली, बाप सांगितला, सासू साळूबाई सांगितली. मग म्हणाली, "मेन मान हेट..."

म्हणजे, माझ्या नवऱ्याचं नाव. आणि थांबली.

"हेट काय?" मी म्हणालो. "पुढं?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, इतकं घट्ट की बोट पांढरं पडलं.

मला वाटलं, विसरली. मी परत सांगितलं, परत तिथंच थांबली. दुसऱ्या दिवशी तेच. गृहपाठात तिनं सगळं झकास लिहून आणलं आणि नवऱ्याच्या जागी नुसतं 'व' आणि पुढं टिंब. मी लाल शाईनं भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं. असं करत एप्रिल गेला. मी दर चार दिवसांनी तिला उभी करायचो. माझा हट्ट. तोंडी परीक्षेला चाळीस गुण, बाहेरचा परीक्षक, आणि पहिला प्रश्न घरच्यांचा असतो हे पोरंसोरंही सांगतील. ती तिथं अडली तर नापास, आणि नापास झाली तर सासऱ्यांनी दार लावलंच म्हणून समजा. मला वाटायचं, मी तिच्या भल्यासाठीच ओरडतोय. ओरडणाऱ्या प्रत्येकाला तसंच वाटतं म्हणा.

मेच्या मध्यावर जादा तास ठेवले होते. मी पुन्हा तिला उभं केलं. पुन्हा "मेन मान हेट" आणि पुन्हा तिथंच मुक्काम. पुढच्या बाकावर सिद्धू म्हणून एक वात्रट पोरगा होता. तो लग्नात ओरडतात तसा ओरडला, "नाव घ्या, नाव घ्या! वहिनी, उखाणा हुं द्या!" सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला. मीही, काय सांगू तुम्हाला, मीही हसलो. आणि टेबलावर हात आपटून म्हणालो, "आज नाव सांगितल्याशिवाय खाली बसायचं नाही."

ती खाली बसली नाही. पिशवी तिथंच टाकून ती दाराबाहेर पळाली, चपला हातात घेऊन.

घरी येऊन मी बायकोला रागारागानं सगळं सांगितलं. आजकालच्या पोरी किती हट्टी, वगैरे. ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "आवं, तुमची अक्कल काय बोटीतच राहिली का काय? बावीस वर्षं झाली, मी कवा तुमचं नाव घेतलंय?"

खरंच की! 'आवं' आणि 'आमचे हे' यापलीकडं ह्या बाईनं मला कधी हाक मारलेली नाही. रेशनकार्डाच्या रांगेत कारकुनानं नाव विचारलं तर शेजारणीला पुढं करते. माझी आईसुद्धा मरेपर्यंत बापाला 'बाळ्याचा बा' म्हणाली. मी ह्याच मातीत वाढलो, आणि परदेशी पुस्तकातला धडा शिकवताना विसरलो.

"पण ती शिकलेली आहे," मी म्हणालो. "आणि उखाण्यात तर घेतात ना नाव?"

"मग इचारा की तिला. माणसागत इचारा."

तिसऱ्या दिवशी ती पिशवी न्यायला आली तेव्हा मी वर्गाबाहेर व्हरांड्यात तिला गाठलं. माफी मागायची मला सवय नाही. मी नुसतं म्हणालो, "चुकलं माझं. काय आहे ते सांग."

ती बोलली, आणि एकदा बोलायला लागली ती थांबेना.

"सर, मला नाव घ्यायची लाज न्हाई वाटत. लग्नात घेतलं, पूजेला घेतलं. लय हौसेनं घ्यायची मी. ह्या संक्रांतीला औंधात हळदीकुंकवाला बायकांनी आग्रह केला. मी चांगला लांबलचक उखाणा रचलेला. नाव घेतलं, समद्या हसल्या. आणि तिसऱ्या दिवशी त्यांचं पत्र आलं, बदली झाली म्हणून. वर. काश्मिरात. बर्फात." तिनं ओढणी सारखी केली. "आत्याबाई, आमच्या सासूबाई, म्हणाल्या, तुझ्याच तोंडानं दृष्ट लागली. त्यो डोंगरावरनं खाली येस्तवर नाव तोंडात घिऊ नगंस. उखाण्यात बी न्हाई. मी औंधच्या यमाईच्या पायरीवर हात ठिवून शब्द दिलाय."

"अगं, तू व्यवस्थापन शिकतेस," मी म्हणालो. "बदली काय उखाण्यानं होते?"

"न्हाई हुत. मला कळतंय, सर. दिवसा समदं कळतंय. पण मी नाव घेतलं आणि खरंच काय झालं तर? मग मी काय करू? मग माझं कळणं कुणाला दिऊ?"

ह्याचं उत्तर तुमच्याकडं असलं तर मला कळवा.

तोवर वर्तमानपत्रात कारगिल हा शब्द यायला लागला होता. आधी आतल्या पानावर, मग पहिल्या, मग पहिलं पानच कारगिलचं झालं. आमचा सातारा-सांगलीचा मुलूख म्हणजे घरटी एक फौजी. रोज पानावर चौकोनात फोटो, खाली नाव, गाव, मागं कोण कोण ते. सगळी सांगली चहाच्या गाड्यावर उभी राहून तेच वाचायची आणि कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

आणि मला भीती लागली. मला! जहाजाच्या पोटात लोखंड कापत नऊ वर्षं काढलेल्या माणसाला. सकाळी पेपर दारात पडला की मी आधी फोटोखालची नावं शोधायचो. गंमत बघा, मला रत्नमालाच्या नवऱ्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. आडनाव इंगळे, एवढं तिच्या बोलण्यात आलेलं, आणि पहिलं अक्षर 'व'. मी बोट ठेवून खाली खाली जायचो. विजय, विठ्ठल, वसंत. एकदा 'विलास इं' इथवर वाचलं आणि हातातला कप बशीवर आदळला. तो कुठला तरी विदर्भातला, इंगोले निघाला. मला हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःची शिसारी आली. त्याचीही कुणी रत्नमाला असेलच की.

ती रोज यायची. नवऱ्याची पत्रं आठ-आठ दिवसांनी यायची, ती वीस मेनंतर बंद झाली. निळं आंतरदेशीय पत्र, वर ५६ एपीओ हा फौजी टपालाचा पत्ता, अक्षर डावीकडं झुकलेलं. तिनं मला एक जुनं पत्र लांबूनच दाखवलं होतं. आता पोस्टमन गल्लीत दिसला की ती घरात जायची. पत्र यावं म्हणून देव पाण्यात घातलेले, आणि पोस्टमन आला की पळायचं. "न्हाई आलं तर न्हाई आलं," म्हणायची, "पर दुसरं काय आलं तर?" खाणं सुटलं होतं. डोळ्याखाली काळं झालेलं. पण डचचा एक शब्द चुकायची नाही. मला वाटतं, तेवढा एक तास तिला मराठीत विचार करावा लागत नव्हता.

परीक्षा जूनच्या शेवटी. बाहेरची परीक्षक म्हणून पुण्याहून एक डच बाई येणार होत्या. माझ्यावर त्या पहिल्या प्रश्नाच्या धसक्यानं आजारी पडायची वेळ आली. शेवटी मला एक युक्ती सुचली. म्हणालो, "रत्नमाला, त्या बाईंना काय ठाऊक आहे? कुठलंही नाव ठोकून दे. गणपत म्हण, मारुती म्हण."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी दोन पावलं मागं सरकलो. "सर! दुसऱ्या बाप्याचं नाव नवरा म्हणून घिऊ? तुमी काय बोलताय काय!"

संपली युक्ती.

परीक्षेच्या दिवशी मला आत बसायची परवानगी होती, तोंड उघडायची नव्हती. बाई गोऱ्यापान, पन्नाशीच्या, सुती साडी नेसलेल्या, पण कामात कडक. सिद्धूला त्यांनी चार मिनिटांत घाम फोडून बाहेर काढला. मग रत्नमाला आली. 'खूडमॉर्खन' म्हणाली, म्हणजे सुप्रभात. आकडे विचारले, सांगितले. हळदीच्या पोत्याची किंमत विचारली, सांगितली. बाई खूश झाल्या. मान डोलावली आणि हसत विचारलं, "हू हेट उव मान?"

तुमच्या नवऱ्याचं नाव काय?

रत्नमालाचं बोट ओढणीत गेलं. "मेन मान हेट..." ती म्हणाली आणि थांबली. बाईंनी वाट बघितली. मग पेन उचललं. मी मनात म्हणालो, बुडालं. एक वर्ष, एसटीचे हेलपाटे, सगळं बुडालं.

मग ती बोलली. डचमध्येच, एकेक शब्द वेचून, अंगणवाडीतल्या पोरासारखं. माझा नवरा डोंगरावर आहे. तिथं लढाई आहे. मी त्याचं नाव घेत नाही. तो घरी आला की मी नाव घेणार. आज नाही. "इक बेन बांग," ती म्हणाली. मला भीती वाटते. तहान लागली, भूक लागली, भीती वाटते, असं एका ओळीत मी ते फळ्यावर लिहून दिलं होतं मार्चमध्ये, पाठ करा म्हणून. "इक बेन बांग," ती परत म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना आवाज फुटला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. खुर्ची ओढून तिच्या शेजारी आल्या आणि तिचा हात धरून बसल्या. काही विचारलं नाही. मग उठून पुढच्या पोराला बोलावलं. नंतर कळलं, चाळीसपैकी तेहेतीस दिले होते.

मार्केट यार्डात लालासाहेब म्हणून हळदीचे व्यापारी आहेत, माझे शाळेतले सोबती. त्यांचा माल रॉटरडॅमला जायचा आणि तिकडून फोन आला की हे पळत माझ्याकडं यायचे. मी म्हणालो, आता माझ्या मागं लागू नका, ही पोरगी घ्या. जुलैच्या पहिल्या तारखेपासून ती त्यांच्या पेढीवर फोनपाशी बसायला लागली. सयाजीराव निकालाचा कागद बघून नुसतं "बरं" म्हणाले. त्यांचंही लक्ष कागदात नव्हतं. औंधात तेही पेपर तसाच वाचत असणार, बोट ठेवून.

जुलैच्या मध्यावर एक दिवस दुपारी चार वाजून गेल्यावर मी पेढीवर गेलो. लालासाहेब सौद्याला गेलेले. रत्नमाला खुर्चीत ताठ बसलेली, पुढं टेबलावर निळं पत्र. न फोडलेलं.

"सर, सकाळी ष्टँडवर पोस्टमननं हातातच दिलं. पळता आलं न्हाई." तिनं पत्र माझ्याकडं सरकवलं. "अक्षर बघा."

मी बघितलं. अक्षर सरळ होतं. डावीकडं झुकलेलं नव्हतं. पत्ता दुसऱ्याच कुणीतरी लिहिला होता.

"सकाळधरनं हितंच ठिवलंय. तुमी वाचा, सर. मला आधी सांगू नगा. आधी तुमी वाचा."

खोटं कशाला बोलू, मला तिथून पळून जावंसं वाटलं. पत्र फोडताना कागद मधोमध फाटला. हिंदीत होतं. मी दोन तुकडे जोडून धरले. 'भाभीजी, नमस्ते. घबराना नहीं.' पुढं वाचायचं धाडस होईना, तरी वाचलं. नायक व्ही. एस. इंगळे जखमी आहेत, उजवा हात बांधला आहे म्हणून पत्र मी लिहितोय, उधमपूरच्या लष्करी दवाखान्यात आहेत, चार ते पाच फोन करता येतो. खाली नंबर.

"जिवंत आहे," मी म्हणालो. "हाताला लागलंय. जिवंत आहे, पोरी."

ती रडली नाही. तिचा विश्वासच बसला नाही. "पत्र कवाचं हाय?" तिनं विचारलं. तारीख बघितली, बारा दिवसांपूर्वीची. बारा दिवसांत काहीही होऊ शकतं, हे तिच्या तोंडावर मला स्वच्छ दिसलं.

घड्याळात साडेचार वाजून गेलेले. मी फोन ओढला आणि फिरवायला लागलो. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा घरघर झाली आणि एक करडा आवाज आला, "मिलिटरी हॉस्पिटल, बोलिये." मी म्हणालो, नायक व्ही. एस. इंगळे, महाराष्ट्र. तो म्हणाला, "ऐसे इंगळे तीन हैं. पूरा नाम बताइये."

पूरा नाम. तीन महिने मी ज्यासाठी टेबल बडवलं, तेच हा शिपाई मला विचारत होता, आणि मला माहीत नव्हतं.

मी रिसीव्हर तिच्यापुढं धरला. "नाव विचारतोय."

ती उठून भिंतीला टेकली, वर्गात टेकायची तशी. "सर, उधमपूर खाली हाय का? डोंगराच्या खाली?"

मी उधमपूर कधी बघितलेलं नाही. "खाली आहे," मी म्हणालो. "सपाटीला. शपथ."

"जल्दी बोलिये, लाइन कट जायेगी," रिसीव्हरमधून आवाज आला.

तिनं तो दोन्ही हातांनी धरला. डोळे मिटले. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. आणि तिच्या तोंडून आधी काय आलं सांगू? "मेन मान हेट," ती म्हणाली.

"क्या?" शिपाई ओरडला.

"वीरधवल," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "वीरधवल सयाजी इंगळे." मग आणखी मोठ्यानं, त्यानं विचारलेलं नसताना. बाहेर पोती उचलणारे हमाल थांबून आत बघायला लागले.

"होल्ड कीजिये," शिपाई म्हणाला.

मग नुसती तारेची खरखर. ती माझ्याकडं बघत होती, आणि इतकी भ्यालेली नजर मी जहाजावर आग लागली तेव्हाही कुणाची बघितली नव्हती. "सर, मी नाव घेतलंय," ती कुजबुजली. "आता काय हुणार न्हाई न्हवं?" मी मान हलवली.

खरखर थांबली. कुणीतरी खोकलं. आणि तिकडून, उधमपूरहून, मला दोन हातांवरून ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं आवाज आला, "रत्ने? रत्नेच हाय न्हवं?"